जीटीके ३ वरचं अ‍ॅप जीटीके ४ वर नेताना

जीटीके म्हणजे खिडक्या, बटणं, मेनू असलेली अ‍ॅप्स लिहिण्याची लायब्ररी. तिची ४.० ही आवृत्ती १६ डिसेंबर २०२० ला आली. जीटीके ३ ची ३.२४ ही शेवटची मालिका अजून चालते आणि जीटीके ५ येईपर्यंत तिची देखभाल होत राहणार आहे. त्यामुळे घाई नाही. पण नवं काम सगळं चौथ्या आवृत्तीत होतं, आणि जितका उशीर तितका जुना कोड साचत जातो.

हे स्थलांतर अर्ध्यावर सोडून दिलेली अ‍ॅप्स बरीच सापडतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: बिल्ड फाइलमध्ये ३ च्या जागी ४ लिहिलं, कंपायलरने हजारभर चुका दाखवल्या, आणि पुढचे काही आठवडे अ‍ॅप एकदाही सुरू झालं नाही. खरं तर यातलं निम्म्याहून जास्त काम जीटीके ३ वर असतानाच करता येतं. तिथे अ‍ॅप रोज चालतं, त्यामुळे काय बिघडलं ते लगेच दिसतं.

आधी ठरवा: किमान आवृत्ती कोणती

जीटीके ४ ही एकच गोष्ट नाही. ४.१० मध्ये (मार्च २०२३) जुन्या डायलॉगची जागा घेणारे अलर्ट डायलॉग आणि फाइल डायलॉग आले, आणि त्याच वेळी ट्री व्ह्यू, जुना डायलॉग, फाइल चूजर आणि स्टाइल काँटेक्स्ट यांच्यावर ‘कालबाह्य’ (चालतं, पण नव्या कोडमध्ये वापरू नये) असा शिक्का बसला. म्हणून ४.६ ला धरून लिहिलेला कोड आणि ४.१० ला धरून लिहिलेला कोड यांत बराच फरक पडतो.

लिनक्स वितरणांमध्ये काय मिळतं ते पाहा. उबुंटू २२.०४ मध्ये ४.६ आहे, डेबियन १२ मध्ये ४.८, उबुंटू २४.०४ मध्ये ४.१४ आणि डेबियन १३ मध्ये ४.१८. जुन्या दोन वितरणांवर थेट पॅकेज द्यायचं नसेल, किंवा फ्लॅटपॅकमधून (वितरणावर अवलंबून नसलेलं पॅकेज) द्यायचं असेल, तर डोळे झाकून ४.१० किमान धरा. डायलॉग एकदाच लिहावे लागतील.

ठरलं की सी कोडमध्ये जीडीकेचे (जीटीकेच्या खालचा थर) ‘किमान आवृत्ती’ आणि ‘कमाल आवृत्ती’ हे दोन्ही मॅक्रो त्या आकड्यावर ठेवा. मग चुकून एखादं नवं फंक्शन वापरलंत तर कंपायलर तुमच्याच मशीनवर बजावतो. वापरणाऱ्याच्या मशीनवर अ‍ॅप उघडेनासं होण्याची वाट पाहावी लागत नाही.

ज्या लायब्ररींवर अ‍ॅप उभं आहे त्यांची यादीही याच वेळी करा. एकाच प्रोसेसमध्ये जीटीके ३ आणि ४ एकत्र राहू शकत नाहीत. प्रोग्राम सुरू होतानाच तसा स्पष्ट संदेश देऊन बंद पडतो. जीटीके सोर्स व्ह्यूची ५ ही मालिका लागेल, वेबकिटची ६.० ही एपीआय, व्हीटीई टर्मिनलचा जीटीके ४ साठीचा वेगळा बिल्ड, लिबहँडीच्या जागी लिबअड्वायटा आणि जीस्पेलच्या जागी लिबस्पेलिंग. ट्रेमधलं आयकन हवं असेल तर अडचण आहे: स्टेटस आयकन हा क्लासच काढून टाकला आहे आणि ट्रेसाठीच्या जुन्या लायब्ररी जीटीके ३ ला बांधलेल्या आहेत. डी-बसवरून (प्रोग्रामांमधला निरोपांचा मार्ग) स्टेटस नोटिफायरचा प्रोटोकॉल थेट बोलणं किंवा ट्रेचा नाद सोडणं, एवढेच मार्ग उरतात. यादीतली एक लायब्ररी जरी अडली तरी पुढचं सगळं अडतं, म्हणून हे आधी.

जीटीके ३ वर असतानाच

पहिलं काम, ‘कालबाह्य फंक्शन बंद’ करणारे जीटीके आणि जीडीकेचे मॅक्रो लावून बिल्ड करा आणि येणाऱ्या चुका संपवा. त्यानंतर प्रोग्राम सुरू करताना बाहेरून द्यायचा जी-इनेबल-डायग्नोस्टिक हा (एन्व्हायर्नमेंट) चल १ करून अ‍ॅप चालवा. कालबाह्य प्रॉपर्टी आणि सिग्नल (काही घडल्याची सूचना) कंपायलरला दिसत नाहीत, कारण ते नावाने, स्ट्रिंग म्हणून वापरले जातात. ते इथे दिसतात. पायथॉनमध्ये तर कंपायलरच नाही, तेव्हा हा चल हाच मुख्य आधार.

दुसरं, ‘जीटीके मेन’ आणि ‘मेन क्विट’ काढा. दोन्ही चौथ्या आवृत्तीत नाहीत. जीटीके अ‍ॅप्लिकेशन हा क्लास वापरा, खिडकी ‘अ‍ॅक्टिव्हेट’ सिग्नलमध्ये तयार करा. अ‍ॅप्लिकेशन आयडी आणि डेस्कटॉप फाइलचं नाव अक्षरशः सारखं ठेवा. वेलँडवर (लिनक्सची नवी डिस्प्ले व्यवस्था) डॉकमध्ये तुमच्या आयकनऐवजी कोरा ठोकळा दिसत असेल, तर दहापैकी नऊ वेळा इथेच गफलत असते.

तिसरं, इव्हेंटच्या स्ट्रक्चरमध्ये हात घालून बटण क्रमांक किंवा की कोड वाचणं थांबवा. त्यासाठीची वाचक फंक्शनं ३ मध्येही आहेत.

चौथं, बॉक्समध्ये ‘पॅक स्टार्ट’ करताना दिलेले एक्स्पांड आणि फिल हे दोन पर्याय काढून तेच काम विजेटच्या (बटण, लेबल असा खिडकीतला घटक) स्वतःच्या प्रॉपर्टींनी करा: आडवा आणि उभा विस्तार, आडवं आणि उभं संरेखन. मार्जिन डावं-उजवं न लिहिता सुरुवात-शेवट असं लिहा. डावं-उजवं पुढे नाही. कंटेनरची ‘बॉर्डर विड्थ’ही नाही, तिथे मार्जिन किंवा सीएसएस.

पाचवं, मेनू. जुने मेनू, मेनूबार आणि मेनू आयटम हे तिन्ही क्लास गेले आहेत. जी-मेनूचं मॉडेल आणि अ‍ॅक्शन ही जोडी जीटीके ३ मध्येही चालते, तेव्हा मेनू आत्ताच तिकडे वळवा. शॉर्टकटसुद्धा अ‍ॅक्शनला जोडा, कारण अ‍ॅक्सेल ग्रुप पुढे मिळणार नाही. मोठ्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात जास्त दिवस याच कामाला लागतात.

सहावं, ‘डायलॉग रन’. हे फंक्शन चौथ्या आवृत्तीत नाही. डायलॉग दाखवायचा, फंक्शन संपू द्यायचं आणि उत्तर कॉलबॅकमध्ये (उत्तर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) घ्यायचं, अशी रचना ३ वरच करून ठेवा. यातली खरी गुंतागुंत खाली वेगळी सांगितली आहे.

एवढं झाल्यावर अ‍ॅपची जीटीके ३ वरची एक आवृत्ती प्रसिद्ध करा. चुका वापरणाऱ्यांकडून कळू द्या. मग उडी.

यूआय फाइल

यूआय फाइलमध्ये खिडकीची मांडणी लिहिलेली असते. जीटीके ४ सोबत येणाऱ्या बिल्डर टूलमध्ये ‘सिम्प्लिफाय’ ही आज्ञा आहे आणि तिला ‘तीन ते चार’ रूपांतराचा पर्याय देता येतो. त्यासोबत ‘रिप्लेस’ दिलं तर मूळ फाइलवरच लिहिलं जातं, म्हणून आधी गिटमध्ये कमिट करा. एक एक फाइल फिरवा आणि प्रत्येकीचा फरक डोळ्यांनी वाचा.

हे टूल पॅकिंगचे टॅग नव्या लेआउट टॅगमध्ये बदलतं, नोटबुक आणि स्टॅकच्या मुलांना (आतल्या विजेटांना) पेज ऑब्जेक्टमध्ये गुंडाळतं, गेलेल्या प्रॉपर्टी वगळतं. मेनूबार ते बदलून देत नाही. दोन जागा हाताने तपासा. पहिली म्हणजे दृश्यता. ३ मध्ये विजेट मुळात लपलेलं असायचं आणि ‘शो ऑल’ ने सगळं दिसायचं. ४ मध्ये ते मुळातच दिसतं आणि ‘शो ऑल’ नाही. मुद्दाम लपवून ठेवलेली प्रगतिपट्टी किंवा चूक झाल्याचं सांगणारा संदेश खिडकी उघडताच समोर येतो तो यामुळे. फाइलमध्ये ‘व्हिजिबल’ शोधून प्रत्येक ठिकाण पाहा. दुसरी जागा विस्ताराची: आतल्या विजेटवर लावलेला विस्तार वरच्या कंटेनरपर्यंत चढत जातो, आणि मग नको ती पट्टी अर्धी खिडकी व्यापते. ज्या कंटेनरवर हा चढ थांबवायचा आहे तिथे विस्तार ‘नाही’ असं स्पष्ट लिहावं लागतं.

ग्लेड हा जुना मांडणी-संपादक जीटीके ४ च्या फाइल हाताळत नाही. चित्रमय संपादक हवा असेल तर कँबालाश. मजकुरात लिहायला आवडत असेल तर ब्लूप्रिंट.

कोडची उडी

पॅकेज कॉन्फिगमधलं नाव बदलतं, आणि नव्या नावात अधिकचिन्ह व ‘.०’ नसतात, इथे अडखळणारे बरेच. पायथॉनमध्ये आयात करण्याआधी आवृत्ती ४.० मागायला विसरू नका.

सामान्य कंटेनर क्लास गेला, त्यामुळे ‘कंटेनर अ‍ॅड’ कुठेच चालत नाही. बॉक्सला ‘अपेंड’, खिडकी, बटण आणि स्क्रोल खिडकीला ‘सेट चाइल्ड’, पेन्डला सुरुवातीचं आणि शेवटचं मूल. इव्हेंट बॉक्स आणि बटण बॉक्स नाहीत. पहिल्याची गरज उरली नाही, दुसऱ्याच्या जागी साधा बॉक्स. रेडिओ बटण म्हणजे आता गटात घातलेलं चेक बटण. एंट्रीतला मजकूर एडिटेबल या इंटरफेसकडून घ्यायचा. हे सगळं शोधा-आणि-बदला प्रकारचं काम आहे, कंटाळवाणं पण सोपं.

मुलांची यादी देणारं फंक्शनही नाही. पहिलं मूल घ्या, मग पुढचं भावंड, असं चालत जा. चालता चालता मूल काढून टाकत असाल तर काढण्याआधी पुढचं भावंड हातात घेऊन ठेवा, नाहीतर पहिल्याच मुलापाशी फेरा संपतो आणि बाकीची तशीच राहतात.

‘विजेट डिस्ट्रॉय’ नाही. खिडकीसाठी ‘विंडो डिस्ट्रॉय’; आतल्या विजेटला त्याच्या पालकाकडून काढायचं. स्वतःचं विजेट लिहिलं असेल तर त्याच्या ‘डिस्पोझ’ मध्ये प्रत्येक मुलाला ‘अनपॅरेंट’ करणं तुमची जबाबदारी. विसरलात तर ‘संपवतोय, पण मुलं अजून शिल्लक आहेत’ अशा अर्थाची सूचना टर्मिनलवर येते. उजव्या क्लिकचा पॉपओव्हर मेनू ‘सेट पॅरेंट’ ने जोडला असेल तर त्यालाही हेच लागू, आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो.

खिडकीची जागा वाचता किंवा ठरवता येत नाही. आकार जतन करायला मात्र आता सोपं आहे: ‘डीफॉल्ट विड्थ’ आणि ‘डीफॉल्ट हाइट’ या प्रॉपर्टी खिडकीच्या चालू आकारासोबत बदलतात, तेव्हा त्या जीसेटिंग्जला (सेटिंग्ज जतन करणारी यंत्रणा) थेट बांधून टाका.

चित्रांसाठी एक सापळा. मोठा फोटो जीटीके इमेजमध्ये टाकला तर तो आयकनएवढा इवलासा दिसतो. ते विजेट आता फक्त आयकनसाठी आहे. फोटोला जीटीके पिक्चर. रिसोर्समध्ये ठेवलेल्या स्वतःच्या आयकनांबाबतही नियम बदलला आहे: ‘आयकन्स’ फोल्डरमध्ये थेट ठेवलेलं आयकन थीमबाह्य मानलं जातं आणि गडद थीममध्ये त्याचा रंग बदलत नाही. ‘स्केलेबल’, त्याच्या आत ‘अ‍ॅक्शन्स’, अशी उपफोल्डरं करून तिथे ठेवा.

इव्हेंट: जिथे अ‍ॅप गुपचूप बिघडतं

वरच्या चुका कंपायलर तरी दाखवतो. इव्हेंटच्या बाबतीत सगळं नीट कंपाइल होतं आणि क्लिक केल्यावर काहीच होत नाही.

बटण दाबणं, की दाबणं, माउस हलणं, चाक फिरणं यांचे विजेटवरचे सिग्नल गेले. त्यांच्या जागी कंट्रोलर: क्लिकसाठी जेश्चर क्लिक, कीसाठी की कंट्रोलर, तसेच मोशन आणि स्क्रोल. कंट्रोलर तयार करायचा, सिग्नल त्याला जोडायचा, मग तो विजेटला लावायचा. क्लिकचं जेश्चर मुळात फक्त डाव्या बटणाला दाद देतं. उजवी क्लिक हवी तर बटण क्रमांक ३ द्या, सगळी हवीत तर ०.

इव्हेंट खिडकीपासून आत उतरतो, लक्ष्य विजेटपाशी पोचतो आणि परत वर येतो. कंट्रोलर मुळात परतीच्या वाटेवर ऐकतो. वाटेत कुणी इव्हेंट खाल्ला तर तुमच्यापर्यंत काही येत नाही. याची दोन नेहमीची उदाहरणं.

एक, एंट्री. जीटीके ४ मध्ये एंट्रीच्या पोटात टेक्स्ट नावाचं वेगळं विजेट असतं आणि फोकस त्याच्याकडे असतो. एंट्रीवर लावलेल्या की कंट्रोलरला एंटर की पोचत नाही, कारण ती आतल्या टेक्स्टने आधीच वापरलेली असते. कंट्रोलरचा टप्पा ‘कॅप्चर’ करा, म्हणजे तो उतरतानाच ऐकेल. याच कारणाने ‘एंट्रीला फोकस आहे का’ हा प्रश्न विचारला तर उत्तर ‘नाही’ येतं, कर्सर डोळ्यांदेखत लुकलुकत असताना! त्यासाठी फोकस कंट्रोलरची ‘कंटेन्स फोकस’ ही प्रॉपर्टी पाहा.

दोन, बटण. बटणावर स्वतःचं क्लिक जेश्चर लावलं तर दाबल्याचं कळतं, सोडल्याचं कळत नाही. बटणाचं आतलं जेश्चर ती क्लिक स्वतःच्या नावावर करतं आणि तुमचं रद्द होतं. साध्या क्लिकसाठी बटणाचा ‘क्लिक्ड’ सिग्नलच वापरा. दाबून धरण्यासारखं काही हवं असेल तेव्हा ‘कॅप्चर’ टप्पा.

बंद करताना विचारणारा डायलॉग

‘बदल जतन करायचे का?’ हा डायलॉग प्रत्येक संपादकात असतो आणि स्थलांतरात हमखास मोडतो. जुन्या कोडमध्ये ‘डिलीट इव्हेंट’ येताच ‘डायलॉग रन’ व्हायचा, उत्तर मिळेपर्यंत फंक्शन थांबायचं. आता सिग्नल ‘क्लोज रिक्वेस्ट’ आहे आणि थांबणं शक्य नाही. क्रम असा ठेवा:

१. हँडलरमध्ये जतन न झालेले बदल आहेत का पाहा. नसतील तर ‘नाही’ परत करा, खिडकी बंद होईल.
२. असतील तर अलर्ट डायलॉग दाखवा आणि लगेच ‘हो’ परत करा. याचा अर्थ ‘मी हाताळलं, तू बंद करू नकोस’.
३. कॉलबॅकमध्ये उत्तर पाहा. जतन करायचं असेल तर तेही असिंक्रोनस असेल. ते पूर्ण झाल्याच्या कॉलबॅकमध्येच पुढे जा.
४. शेवटी खिडकी ‘डिस्ट्रॉय’ करा. ‘क्लोज’ करू नका. ‘क्लोज’ पुन्हा तीच विनंती पाठवतं आणि ‘जतन नको’ म्हटलेल्याला तोच डायलॉग पुन्हा पुन्हा दिसत राहतो.

फाइल डायलॉगमध्ये रद्द केलं तर ते ‘एरर’ म्हणून परत येतं. तो ‘डिसमिस्ड’ प्रकारचा असेल तर गप्प बसा. तो लाल पट्टीत दाखवणारी अ‍ॅप्स आहेत. उत्तर जी-फाइल म्हणून मिळतं, मार्गाची स्ट्रिंग म्हणून नाही.

याद्या: आत्ता नको

ट्री व्ह्यू कालबाह्य आहे, पण चालतो. पहिल्या फेरीत त्याला हात लावू नका. सूचना येऊ द्या. अ‍ॅप जीटीके ४ वर स्थिर झालं की एक एक यादी लिस्ट व्ह्यू किंवा कॉलम व्ह्यूमध्ये न्या, कारण तिथे विचारच वेगळा आहे: डेटा जी-ऑब्जेक्टच्या लिस्ट मॉडेलमध्ये, आणि ओळींची विजेटं फॅक्टरी बनवते व पुन्हा पुन्हा वापरते.

या पुनर्वापरातून येणारा एक दोष ओळखून ठेवा. ओळीतल्या ‘काढा’ बटणाचा सिग्नल ‘बाइंड’ मध्ये (ओळीला नोंद जोडली जाते तेव्हा) जोडला, तर तीच ओळ तीनदा वापरली गेल्यावर बटणाला तीन हँडलर असतात आणि एका क्लिकवर तीन नोंदी जातात. थोडं वरखाली स्क्रोल केल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून दोन नोंदींवर केलेल्या चाचणीत सुटतं. सिग्नल ‘सेटअप’ मध्ये एकदाच जोडा आणि क्लिक झाल्यावर लिस्ट आयटमला त्या क्षणीची नोंद विचारा.

लिस्ट व्ह्यू थेट स्क्रोल खिडकीतच ठेवा. मध्ये उभा बॉक्स घातला तर यादीला पूर्ण उंची मिळते आणि मोठ्या मॉडेलवर अ‍ॅप जड होतं. सिंगल सिलेक्शन मुळात पहिली ओळ स्वतःच निवडतं. सुरुवातीला काही निवडलेलं नको असेल तर ‘ऑटो सिलेक्ट’ बंद करा. कॉलम व्ह्यूच्या मथळ्यावर क्लिक केल्यावर बाण फिरतो पण ओळी हलत नाहीत, असं झालं तर सॉर्टर फक्त कॉलमला दिलेला आहे. कॉलम व्ह्यूचा स्वतःचा सॉर्टर सॉर्ट लिस्ट मॉडेललाही द्यावा लागतो.

चित्र काढणं आणि सीएसएस

ड्रॉइंग एरियाचा ‘ड्रॉ’ सिग्नल गेला, ‘ड्रॉ फंक्शन’ आलं. आतला कैरोचा (चित्र काढणारी लायब्ररी) कोड बहुधा तसाच चालतो. विजेटचा फक्त एक तुकडा पुन्हा काढायला सांगणारं फंक्शन नाही, सगळं विजेट पुन्हा काढलं जातं. मोठा आलेख वारंवार काढत असाल तर ते जाणवेल, कारण कैरोत काढलेलं चित्र दर वेळी ग्राफिक्स कार्डकडे पाठवावं लागतं. अशा वेळी स्वतःच्या विजेटचं ‘स्नॅपशॉट’ लिहा आणि रंग, मजकूर, टेक्स्चर थेट जोडा.

सीएसएसमध्ये पॉपओव्हरची पार्श्वभूमी आता त्याच्या आतल्या ‘कंटेंट्स’ या नोडवर लागते, आणि खिडकीचा ‘डेकोरेशन’ नोड गेला. नियम लागत नाही असं वाटलं की अंदाज बांधत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबा, इन्स्पेक्टर उघडतो. त्यात नोडचं नाव दिसतं आणि तिथल्या तिथे सीएसएस लिहून पाहता येतं.

चाचणी

जी-डीबग हा चल ‘फेटल क्रिटिकल्स’ करून अ‍ॅप जीडीबी या डीबगरमध्ये चालवा. पहिल्याच गंभीर सूचनेवर ते थांबतं आणि चूक कुठून आली ते स्टॅकमध्ये दिसतं.

खिडकी काळी येते, मजकूर फाटतो, असं फक्त काही मशीनवर होत असेल तर जीएसके-रेंडरर हा चल ‘कैरो’ करून पाहा (रेंडरर म्हणजे विजेटं पडद्यावर रंगवणारा भाग). दोष गेला तर तो तुमच्या कोडपेक्षा रेंडरर किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये असण्याची शक्यता जास्त. ४.१४ पासून नवे रेंडरर आले आणि ४.१६ पासून वेलँडवर त्यातला व्हल्कन हा मूळ पर्याय झाला, तेव्हा दोषाची नोंद घेताना नेमकी जीटीके आवृत्ती विचारा. हा चल अ‍ॅपच्या आत कायमचा बसवू नका. पुढच्या आवृत्तीत तो रेंडरर असेलच असं नाही. ४.१८ मध्ये जुना जीएल रेंडरर काढलाच गेला.

त्याच ४.१८ मध्ये एक्स११ (वेलँडच्या आधीची डिस्प्ले व्यवस्था) बॅकएंडही कालबाह्य ठरवला आहे. कोडमध्ये थेट एक्स११ च्या फंक्शनांना हाक मारणाऱ्या जागा असतील तर त्या याच फेरीत एका वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे जीटीके ५ च्या वेळी ती फाइल वगळली की झालं.